झाडे सर आणि ‘पुट ऑफ’

झाडे सरांचं आणि जॉनचं कधीच पटलं नाही. जॉन म्हणजे इंग्रजीच्या गाइडमधला जॉन. तो सिगारेट सोडतो, त्याची गाडी रस्त्यात बंद पडते, तो मीटिंग पुढे ढकलतो आणि मित्राला पोहोचवायला विमानतळावर जातो. मी शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यात नववीच्या वर्गावरून जाताना आतून सरांचा आवाज आला, “कोण हाय हा जॉन? कोन्या गावचा? तुमच्यापैकी कोणी पाह्यला त्याले? नाई ना? मंग त्यानं सिगारेट सोडली का दारू धरली, आपल्याले काय करायचं हाय?”

मी हसलो. नव्या एम.ए., बी.एड. झालेल्या माणसानं जुन्या माणसाला हसावं तसा हसलो. माझ्या बॅगेत तेव्हा जॉनचं अख्खं खानदान होतं. तीन गाइडं, दोन शब्दकोश, आणि फ्रेझल व्हर्ब्जची मी स्वतः तयार केलेली चारशे क्रियापदांची यादी, वर लॅमिनेशन केलेली. लॅमिनेशन कशासाठी, तर पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडावी म्हणून. इतका मी स्वतःवर खूश होतो.

आमची शाळा पुलगाव-आर्वी रस्त्यावरच्या एका गावात. मी नाचणगावहून मोटारसायकलनं यायचो, झाडे सर रोहण्याहून बसनं. अंगकाठी किरकोळ, उंची बेताची, शर्ट नेहमी एक माप मोठा. पण आवाज असा की सातवीत शिकवायला लागले की दहावीतली पोरं उत्तर द्यायची. घरची शेती होती, तिच्यावर जीव होता. फळ्यावर लिहिताना त्यांच्या नखांतली काळी माती दिसायची आणि मला, खोटं कशाला बोलू, जरा कसंतरीच व्हायचं. इंग्रजीच्या शिक्षकानं कसं दिसावं याबद्दल माझ्या काही कल्पना होत्या, आणि त्या सगळ्या माझ्याशी जुळत होत्या.

त्यांच्या वर्गातल्या फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटनं आखलेली एक चौकट होती. तिला पोरं ‘खरा कोपरा’ म्हणत. इंग्रजीत साध्या क्रियापदाला एखादा चिमुकला शब्द मागून चिकटतो आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं. ‘लुक’ म्हणजे पाहणं, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. असं नवं क्रियापद आलं की सर त्याचा अर्थ सांगत आणि मग कोपऱ्यात एक वाक्य लिहिलं जाई. अट एवढीच, की वाक्य खरं पाहिजे आणि लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या घरचं पाहिजे. वर्गानं ते तपासायचं. खोटं निघालं तर त्यावर आडवी रेघ.

“पाठ केलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकते,” सर म्हणत, “घरातून आणलेला मरेपर्यंत.”

एकदा सागर नावाच्या पोरानं लिहिलं, ‘माय फादर गेव्ह अप खर्रा.’ म्हणजे बाबांनी खर्रा सोडला. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून जो ऐवज तयार होतो, तो सोडणं ही काही साधी गोष्ट नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी दोन पोरींनी हात वर केले. सागरचे बाबा संध्याकाळी पानठेल्यावर उभे दिसले होते आणि तोंड चालू होतं. सरांनी वाक्यावर रेघ मारली. तिसऱ्या दिवशी ते बाबाच शाळेत हजर.

“सर, तुम्ही माहं नाव शाळेत बदनाम करून राह्यले!”

“मी कायले बदनाम करू जी?” सर म्हणाले. “पोरानं तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं. ते खोटं तुम्ही पाडलं.”

तो माणूस बाकावरून उठला. जाताना म्हणाला, “ती रेघ पुसा. आठ दिवसानं पाहा.” त्यानंतर तो आठ दिवस सोडायचा आणि नवव्या दिवशी खायचा, असं सागर सांगे. सरांनी त्याचंही वाक्य करून घेतलं. त्या सगळ्या काळात मी स्टाफरूममध्ये बसून, गालात खर्रा धरून, या पद्धतीला कसलाही शास्त्रीय आधार नाही असं इतर शिक्षकांना सांगत असे.

मग काही वर्षांनी एकदा पुतण्याच्या लग्नासाठी सर तीन दिवस आष्टीला गेले आणि त्यांची नववी माझ्याकडे आली. क्रियापद होतं ‘पुट ऑफ’. मी कडक इस्त्रीत वर्गात शिरलो. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, ‘ऑफ’ म्हणजे बाजूला, दोन्ही मिळून काम पुढे ढकलणं. त्यानंतर येणाऱ्या क्रियापदाचं रूप कोणतं, अपवाद कोणते, हे सगळं मी असं काही झोकात सांगितलं की स्वतःच मान डोलावली. आणि खऱ्या कोपऱ्यात लिहिलं, ‘जॉन पुट ऑफ द मीटिंग.’

मागच्या बाकावरून कोणीतरी “अरे बाप्पा!” म्हणालं. अश्विनी नावाची एक पोरगी उभी राहिली. “सर, जॉन चालत नाई तिथं. तुमचं सांगा.”

“माझं?”

“झाडे सर आधी सोताचं लिहितात, मंग आम्ही.”

मी हसून घेतलं. केस कापायचं पुढे ढकललं, असं लिहिलं. अश्विनीनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. “सर, कटिंग तर कालचीच दिसून राह्यली.” वर्ग खिदळला. मी म्हटलं, बरं, मोटारसायकलची सर्व्हिसिंग. “हे खरं असन,” ती म्हणाली, “पण याच्यात काई दुखत नाई. झाडे सर म्हणतात, पुट ऑफ थोडं दुखलं पाह्यजे.”

आता चाळीस पोरांसमोर मागे हटायचं कसं? एम.ए.ची इज्जत होती. आणि सकाळी घरून निघताना आई दरवाजाऐवजी शेजारच्या भिंतीवर हात टेकून “येजो रे” म्हणालेली, ते डोक्यात होतंच. मी खडू घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘आय पुट ऑफ माय मदर्स आय ऑपरेशन.’ मी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं.



“कितीदा, सर?” अश्विनीनं विचारलं.

मी मनात मोजायला लागलो. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत करू म्हटलं होतं. दिवाळीत पाहुणे आले. मग निवडणुकीची ड्युटी आली, मग पेपर तपासणी. उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये, थंडीतच करावं असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. एरवी असल्या समजुतींना मी नाक मुरडतो, पण ही मला अगदी पटली. थंडी आली तर शाळेचं स्नेहसंमेलन आलं आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माझ्याशिवाय सूत्रसंचालन कोण करणार?

“चार-पाचदा,” मी म्हटलं.

“मंग आता कधी करता?”

“सुट्टीत.”

“कोन्या सुट्टीत?”

तास संपल्याची घंटा झाली आणि मी घंटा वाजवणाऱ्या शिपायाला मनापासून आशीर्वाद दिला. डस्टर उचललं तर पुढच्या बाकावरची दोन पोरं एकदम ओरडली, “पुसाचं नाई सर! पुट ऑफचं वाक्य काम होईपर्यंत पुसत नाई!”

ही अट मला कोणी सांगितलेली नव्हती.

सर आष्टीहून आले, वर्गात गेले, वाक्य वाचलं. स्टाफरूममध्ये येऊन माझ्या शेजारी बसले आणि डबा उघडत म्हणाले, “चांगलं वाक्य लिहिलं राऊत सर. मोतीबिंदू हाय का?”

“तसंच असेल. दाखवायचंय एकदा.”

“म्हणजे दाखवलंबी नाई?” त्यांनी भाकर मोडली. “कॉल ऑफ बरं असते पाहा. काम रद्द केलं, विषय संपला, समोरचा माणूस दुसरी सोय पाहते. पुट ऑफमध्ये तो बिचारा वाट पाहत बसते. ‘नाई’ म्हणायची हिंमत नाई आन् करायची दानत नाई, तवा माणूस पुट ऑफ करते.”

मला राग आला. माझ्या चारशे क्रियापदांच्या यादीत असा अर्थ नव्हता.

ते वाक्य फळ्यावर दोन महिने राहिलं. एकदा मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा पाहून मी गुपचूप जाऊन पुसलंही. दुसऱ्या दिवशी ते परत लिहिलेलं होतं, आधीपेक्षा ठळक, आणि खाली माझं नाव, आडनावासकट. तालुक्याहून एक साहेब शाळा पाहायला आले तेव्हा मुख्याध्यापक घायकुतीला आले, म्हणाले, “झाडे सर, तेवढं आजच्या दिवस पुसा हो.” सर म्हणाले, “खरं हाय तोवर राहू द्या.” साहेब नववीत आले, मागे मुख्याध्यापक आणि मी, कोपऱ्यातलं वाक्य मोठ्यानं वाचलं, “उत्तम वाक्यरचना” म्हणाले आणि कोणाची म्हणून विचारलं. चाळीस बोटं माझ्याकडे वळली. नोकरीत मला वरिष्ठांकडून मिळालेली ती पहिली आणि आतापर्यंतची शेवटची शाबासकी.

घरी मी यातलं काही बोललो नव्हतो. आई तुरीची डाळ हातानं चाचपून निवडायची, भाजीत मीठ दोनदा पडायचं, आणि मी तिला म्हणायचो, “आई, तुझं लक्ष नसतं हल्ली.” बायकोनं दोनदा दवाखान्याचं सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं. आईची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. “पोराले शाळेचं लय काम असते,” हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला ते ऐकायला बरं वाटायचं. लाज वाटायला पाहिजे होती.

एका रविवारी दुपारी मी पानठेल्यावरून घरी आलो तर ओसरीत झाडे सर. खाली सतरंजीवर आईच्या समोर बसलेले, दोघांच्या मध्ये सूप, आणि सर डाळीतले खडे वेचून देत होते. कधी आले, कोणी बोलावलं, काही पत्ता नाही. आई एवढी हसत होती की मला आधी वाटलं माझ्याच काहीतरी गोष्टी चालल्या असतील. खरंच चालल्या होत्या.

“मावशी,” सर म्हणाले, “मी कोन्या रंगाचा शर्ट घातला सांगा बरं.”

आईनं त्यांच्या दिशेनं पाहिलं. “पांढरा?” ती म्हणाली. मग लगेच, “मास्तर लोक पांढराच घालतात ना जी.”

सरांच्या अंगात हिरवा चौकटीचा शर्ट होता. ते “हाव मावशी, पांढराच,” म्हणाले. मी चपला काढत होतो, त्या काढून झाल्या तरी वाकलेलाच राहिलो. खर्रा गालात होता, तो गिळला का थुंकला तेही मला आठवत नाही. माझ्या आईला समोरचा माणूस दिसत नव्हता. मला माहीत होतं, पण असं डोळ्यांदेखत माहीत नव्हतं.

जाताना फाटकाशी सर एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी सातची बस हाय वर्ध्याले.”

“उद्या चाचणी आहे सर, पेपर माझाच…”

“तुमचे तास मी घेतो. चाचणी मी घेतो. आता अजून काय घेऊ, सांगा.”

गेलो. मोठ्या दवाखान्यात दिवसभर रांगेत बसलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करू, छान दिसेल. डाव्यात काचबिंदू होता. आतल्या दाबानं नस गेलेली. ती परत येत नाही. “वर्षभर आधी आणलं असतं तर हा डोळा टिकला असता,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. आई बाजूला बसलेली, तिनं ते ऐकलं आणि डॉक्टरीणबाईंनाच समजावलं, “त्याले टाइम नसते बाई. आन् मले कोणतं पुस्तक वाचायचं हाय?”

स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनाला खूप टाळ्या मिळाल्या होत्या, तेही मला तिथे आठवलं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, रांगेत लोक होते.

पट्टी निघाली तेव्हा आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. “माय वं! किती पांढरे झाले रे तुहे केस!” दुसरं वाक्य तिचं असं, “मले ते सर पाहायचे हायत. डाळ निवडू लागले ते. कधी नेतं?”

“नेतो ना,” मी म्हटलं, “या रविवारी.”

शाळेत गेलो. पोरं माझ्याकडे पाहत होती. मी डस्टर घेतलं आणि हात तसाच राहिला. सरांना डाव्या डोळ्याचं सांगितलं होतं. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, माझ्या हातातून डस्टर घेतलं आणि स्वतःच वाक्य पुसलं. पोरांना एवढंच म्हणाले, “राऊत सरांच्या आईचं ऑपरेशन झालं. दिसते त्याइले.” मग हळू, मला एकट्याला ऐकू येईल असं, “एका डोळ्यानंबी जग पुरंच दिसते. मावशीले घेऊन या घरी. आमची मंडळी पाटवड्या करन.”

पाटवड्यांचं आमंत्रण सरांनी त्या वर्षात कितीदा दिलं असेल, देव जाणे. मी दर वेळी “येतो ना सर, नक्की” म्हणालो, आणि दर वेळी मनापासून म्हणालो. नाचणगावहून रोहणा काही अमेरिकेत नाही. पण एका रविवारी मोटारसायकल पंक्चर झाली, एका रविवारी सासुरवाडीचे लोक आले, एका रविवारी काहीच झालं नाही, मी नुसता झोपलो. आई शनिवारी जांभळं लुगडं काढून ठेवायची आणि रविवारी संध्याकाळी परत घडी करून पेटीत ठेवायची.  पुढच्या जूनमध्ये सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्याबद्दल वीस मिनिटं बोललो. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. सूत्रसंचालनही माझंच होतं. खाली उतरलो तर सर म्हणाले, “भाषण लय मस्त झालं. आता मावशीले आणा.”

“आता काय सर, आता तर तुम्ही घरीच असता,” मी म्हटलं. “कधीही येतो.”

‘कधीही’ हा शब्द मी तेव्हा कसा उच्चारला ते मला अजून ऐकू येतं.

निवृत्तीनंतर सर शेतात रमले. फोनवर कपाशीचं, रानडुकरांच्या त्रासाचं सांगायचे, शेवटी “या” म्हणायचे. सरांच्या जाण्याचाही फोनच आला. सकाळी बांधावर बसले होते, बसल्या जागी गेले. मी अंत्यसंस्काराला एकटाच गेलो, घाईत, कोणाच्या तरी गाडीत जागा मिळाली म्हणून. घरी आल्यावर आईला सांगितलं.  ती म्हणाली, “तेरवीच्या आधी मले घेऊन चाल. बसाले.”

आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या घरी जाऊन नुसतं बसायचं असतं. त्या रविवारी मी आईला मोटारसायकलवर मागे बसवून निघालो. जांभळं लुगडं तिनं नेसलं नव्हतं, साधं पांढरं होतं. नाचणगावहून रोहण्याला जायला मला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं होतं, पण ते इथे लिहवत नाही.

सरांच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर फोटो, त्याला हार, समोर समई. सरांच्या मंडळी आतून आल्या, आईकडे पाहून म्हणाल्या, “तुम्हीच का त्या मावशी?” आईनं मान हलवली आणि ती थेट फोटोजवळ गेली. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि उजवा डोळा नीट समोर यावा म्हणून मान थोडी तिरपी करून पाहत राहिली. मी दाराशीच उभा होतो. हे पाहायला तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती.

“असे होते का?” ती म्हणाली. मग पदर डोक्यावर घेतला आणि फोटोसमोर हात जोडले.

“उशीर झाला जी सर,” ती म्हणाली. “पोराले सुट्टीच नवती भेटत.”